शंभर किलोअँपिअर म्हणजे किती?

३ सप्टेंबर

काल संध्याकाळी इमारतीमागच्या नारळावर वीज पडली. झाड उभं चिरलं. सकाळपासून सगळे जाऊन त्याचे फोटो काढून आले. त्याच क्षणी लिफ्टचं बोर्ड जळलं, पाण्याच्या मोटरचा स्टार्टर गेला आणि कुणाकुणाचे टीव्ही-राउटर गेले ते अजून कळतंच आहे.

आणि तळमजल्यावरच्या कनकाचं ऑक्सिजनचं मशीन गेलं. बाकी सगळं सामान आहे, हे सामान नव्हे. कनकाची फुप्फुसं जेमतेम अर्धी चालतात. नाकात नळी लावूनच ती बारावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि त्या मुलांना ती नळी दिसतसुद्धा नसावी इतकी घाबरतात तिला. घरात एकटी असते. मशीन बंद पडल्यावर आवाज फुटेना, तेव्हा ती खुर्चीतूनच स्टीलच्या पेल्याने दार बडवत राहिली. तिसऱ्या मजल्यावरचे राजगोपालराव जिना उतरत होते, त्यांनी ऐकलं आणि मला हाक मारली. राखीव सिलिंडर कोपऱ्यात होता. तो मी लावला. ओठ निळे पडले होते तिचे. रंग परत आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "मीनाक्षी, तुझे हात थरथरतायत, माझे नाही."

जूनमध्ये असोसिएशनचं सेक्रेटरीपद कुणी घेईना म्हणून मी घेतलं. मिरजेहून इथे चेन्नईला आले तेव्हा तमिळचं अक्षर येत नव्हतं, तरी तांबरमच्या बाजारात भाव करून घरी यायचे. पुढे बँकेची शाखा चालवली, नवरा गेल्यावर घरही एकटीने चालवलं. एक इमारत चालवता येणार नाही? हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. ठरलं.

६ सप्टेंबर

सर्ज प्रोटेक्टर नावाची वस्तू असते. मेन पॅनेलमध्ये बसवायची. वीज पडली किंवा लाइनवर झटका आला की ती तो झटका जमिनीत वळवते, एरवी गप्प बसते. एवढं मला आज कळलं.

गिरिधर नावाचा विक्रेता आला होता. तरुण आहे, बोलायला गोड. त्याने दाखवलेल्या डब्यावर ठसठशीत अक्षरांत छापलंय, १०० किलोअँपिअर. दुसऱ्या एका कंपनीचं माहितीपत्रक खजिनदारांनी आणलंय, त्यावर फक्त ४०. किंमत जवळपास तीच. यात विचार करण्यासारखं काही नाही. मोठा आकडा, मोठं संरक्षण. गिरिधरला सोमवारी ऑर्डर देते म्हटलं.

राजगोपालराव बोलणं ऐकत बसले होते. येताना फिल्टर कॉफी घेऊन आले होते, डवऱ्यासकट, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीसकट. हे गृहस्थ तंजावरच्या मराठ्यांपैकी. आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यात स्टोअर्सला होते, बायको जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं मराठी जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं, आणि चाल तमिळ. "बाई, तुम्हीं पुसलें तें बरें केलें," म्हणाले. काय पुसलं ते त्यांना कळलं असेल असं वाटत नाही. विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

८ सप्टेंबर

बरं झालं रविवार मध्ये आला.

दुपारी दोन्ही माहितीपत्रकं घेऊन बसले. कर्जाचे कागद वाचायची सवय, त्यामुळे मोठी अक्षरं सोडून आधी तळाची बारीक वाचते. गिरिधरच्या डब्यावरचे शंभर हे एका वाटेचे नाहीत! तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार वाटा, प्रत्येकीचे पंचवीस, आणि चारांची बेरीज करून शंभर. झटका काय चार वाटांत समान वाटणी करून येतो? दुसऱ्या कंपनीचे चाळीस हे एकेका वाटेचे आहेत. म्हणजे चाळीस मोठे आणि शंभर लहान.

तेवढ्यावर थांबले नाही. हा आकडा 'कमाल' आहे, म्हणजे एवढा झटका तो एकदा सोसेल, पुढचं विचारू नका. पुन्हा पुन्हा किती सोसेल त्याचा आकडा वेगळा असतो आणि तो नेहमी लहान. शिवाय झटका आल्यावर सगळाच काही जमिनीत जात नाही, थोडा पुढे घरात येतो. तो किती व्होल्टचा, तेही छापावं लागतं. हा आकडा जितका कमी तितकं कनकाचं मशीन सुरक्षित. आणि शेवटचा, रोजचा म्हणून किती व्होल्ट तो कायम अंगावर घेऊ शकतो. असे चार आकडे. मी यातल्या एकावर, तोही बेरजेचा, ऑर्डर द्यायला निघाले होते. शाखेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

राजगोपालराव रसम घेऊन आले, त्यांना हे सगळं समजावलं. लक्ष देऊन ऐकलं. शेवटी म्हणाले, "सरि. मज कळालें नाहीं. आणिक एकदां सांगा."

पुन्हा सांगितलं. बिचारे वयाने थोडे मंद झालेत.

१२ सप्टेंबर

गिरिधरला बोलावून सरळ विचारलं. तो लाजलाही नाही. "मॅडम, मार्केट अप्पडिदान, असंच आहे. सगळेच बेरीज छापतात. मी पंचवीस छापलं तर माझ्याकडे कोण येणार?"

"खोटं आहे ते."

"खोटं नाही, मॅडम. चार गुणिले पंचवीस शंभरच होतात ना?"

चाचणीचा अहवाल मागितला तर मोबाइलवर एक प्रमाणपत्र दाखवलं, ते दुसऱ्याच मॉडेलचं. बोट ठेवून दाखवल्यावर मात्र त्याने मोबाइल जवळ नेऊन मॉडेलचा नंबर पुन्हा वाचला. मला वाटतं त्याला खरंच माहीत नव्हतं. कंपनीने जे दिलं ते तो दाखवत फिरतो. मी म्हटलं, तुझा एक नग मला दे, मी तपासून घेते. पास झाला तर तुझाच घेईन, शब्द आहे. त्याने लगेच बॅगेतून काढून दिला. माणसाला भीती नव्हती एवढं खरं.

खजिनदार वैतागलेत. "मामी, एक डबा बसवायला प्रयोगशाळा? पाऊस तोंडावर आलाय." त्यांचंही चूक नाही. ऐप्पसी महिन्यातल्या गडगडाटाला महिनाभरच उरलाय. आणि मधल्या काळात पुन्हा वीज पडली तर दोष माझ्याच नावावर. कनकाला नवीन मशीन आलंय, ते आजघडीला उघड्यावर आहे असंच म्हणायचं. तिला सांगितलं, ढग दिसले की मशीन बंद करून सिलिंडरवर जा. म्हणाली, "चेन्नईत ढग बघून श्वास घ्यायचा? बरं आहे."

१४ सप्टेंबर

हेरंबचा पुण्याहून फोन. तासभर मी त्याला चार आकडे समजावले. शेवटी हा विचारतो, "आई, ते तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज कॉफी आणतात?" एवढं सगळं ऐकून याने धरलं काय, तर कॉफी. आजकालच्या मुलांचं लक्ष कुठे असतं कळत नाही.

१९ सप्टेंबर

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हाय व्होल्टेजची प्रयोगशाळा आहे. तिथल्या प्राध्यापक कमलिनी यांच्याकडे दोन्ही कंपन्यांचे नग आधीच पोचवले होते. आज समोर चाचणी होती. गिरिधरलाही बोलावलं होतं, आला. राजगोपालरावही आले. काल त्यांनी केस कापून घेतलेत, शर्ट इस्त्रीचा. म्हटलं, तुम्ही उन्हात कशाला येता? म्हणाले, "छत्री कोण धरील?" मला छत्री धरता येते, पण म्हातारपणी माणसाला काहीतरी काम हवं असतं.

जाळीच्या पिंजऱ्यात यंत्र, आम्ही बाहेर. कमलिनीबाई लहानशा, आवाज करडा. त्यांनी सांगितलं की निसर्गातली वीज आणून उभी करता येत नाही, म्हणून तिच्यासारखा ठरावीक आकाराचा झटका तयार करतात. डोळ्याची पापणी लवते त्याच्या हजारो पट कमी वेळात तो चढतो आणि उतरतो. आणि नग नुसता टेबलावर ठेवून चालत नाही. घरात असतो तसा मेनचा वीजपुरवठा त्याला जोडलेला ठेवूनच झटके द्यायचे. पाच झटके, मग थंड व्हायला वेळ, पुन्हा पाच, पुन्हा वेळ, पुन्हा पाच.

पहिला झटका बसला तेव्हा मी उडाले. फटाका नव्हे, कुणी कानाशी फळी मोडावी तसा कोरडा आवाज. राजगोपालरावांनी माझा दंड धरला. घाबरले असावेत.

मला वाटत होतं गिरिधरचा नग तिसऱ्या-चौथ्याला फुटणार. नाही फुटला. पंधराही सोसले त्याने. दुसऱ्या कंपनीच्या नगावर झटके त्याहून मोठे होते, तोही पास. गिरिधर माझ्याकडे बघून हसला. मीही हसले, काय करणार, शब्द दिला होता. मनात म्हटलं, मीनाक्षी, खोट काढायच्या नादात दोन आठवडे घालवलेस.

मग कमलिनीबाई म्हणाल्या, "वीज पडणं वर्षातून एकदा. आपल्याकडे जास्त वेळा काय होतं? न्यूट्रल तुटतो."

हे मला माहीत नव्हतं. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रलची तार सुटली की काही घरांना दोनशेतीसऐवजी साडेतीनशे, चारशेपर्यंत व्होल्ट जाऊ शकतात. तेही क्षणभर नव्हे, मिनिटं, तास. सर्ज प्रोटेक्टर क्षणाच्या झटक्यासाठी असतो, एवढा वेळ चाललेला दाब त्याला पेलत नाही, तो तापत जातो. चांगल्या नगात तापल्यावर आपोआप सुटणारा जोड असतो. तो सुटला की नग मेला, खिडकीत लाल खूण दिसते, बस. "नियम सोपा आहे," बाई म्हणाल्या. "त्याला मरायची परवानगी आहे. पेट घ्यायची नाही."

चारशेच्या वर दाब दिला. दुसऱ्या कंपनीचा नग थोड्या वेळाने टिक करून सुटला. लाल खूण. गिरिधरच्या नगाचा जोड सुटलाच नाही. आधी वास आला, मग कडेने धूर, मग प्लास्टिक वितळून खाली ओघळलं आणि एक पिवळी ज्योत वर आली. साधी, पणतीएवढी. आमच्या मेन पॅनेलच्या वरच लाकडी फळीवर असोसिएशनच्या जुन्या फायली आहेत आणि भिंतीपलीकडे कनकाची खोली, जिथे ऑक्सिजन असतो.

गिरिधर पिंजऱ्याच्या जाळीला बोटं अडकवून उभा होता. मी काही बोलायच्या आधी त्यानेच विचारलं, "मॅडम, हा तुकडा मी नेऊ?" त्याच्या आईच्या घरात, पल्लावरमला, त्याने स्वतःच्या हाताने हाच डबा बसवलाय.

परतताना कमलिनीबाईंना विचारलं, मग डब्यावरचा आकडा खोटा होता का? म्हणाल्या, "आकडा बरोबर होता. पण तुम्हाला हवा तो प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता." आणि एक जास्तीची गोष्ट सांगितली. न्यूट्रल तुटला तर चांगला सर्ज प्रोटेक्टरसुद्धा फक्त स्वतः पेटत नाही, पलीकडचं मशीन वाचवत नाही. त्यासाठी दाब वाढला की सगळा पुरवठाच तोडणारं वेगळं कट-आउट लागतं. म्हणजे अजून एक वस्तू. खजिनदारांना आता काय सांगू?

२२ सप्टेंबर

सांगितलं. मीटिंग दोन तास चालली आणि आवाज रस्त्यापर्यंत गेला. वितळलेल्या नगाचा फोटो सगळ्यांच्या फोनवर पाठवला होता, तरी एकाने विचारलंच की आपला न्यूट्रल आजवर तुटला नाही तर आता का तुटेल. मी म्हटलं, नारळावरही आजवर वीज पडली नव्हती.

कनका दारातूनच बोलली. तिला मीटिंगच्या हॉलपर्यंत येववत नाही, म्हणून मीटिंगच तिच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत घेतली होती. ती म्हणाली, "मला मत नको. फक्त एवढंच सांगा, मशीन बंद पडलं तर दर वेळी जिन्यात कुणीतरी असेल याची शक्यता किती? माझी मुलं गणित करून देतील."

हात वर झाले. खजिनदारांचाही.

२३ सप्टेंबर

ठराव तर झाला. पण रात्रीपासून एक शंका पोखरतेय. चार पुस्तकी आकडे आणि एक दिवसाची प्रयोगशाळा एवढ्या जोरावर मी चाळीस घरं मागे ओढून नेतेय. कट-आउट विनाकारण पडत राहिलं तर? लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर? बँकेत निर्णयावर दोन सह्या असायच्या. इथे एकच आहे.

असो. दुसरी सही कुणी करणार नसेल तर पहिली घट्ट करायची.

२८ सप्टेंबर

बसवलं. सर्ज प्रोटेक्टर आणि कट-आउट, दोन्ही. आणि भांडणही झालं.

आमचा इलेक्ट्रिशियन कार्तिकेय इरुंगाट्टुकोट्टैच्या गाड्यांच्या भागांच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, सुट्टीच्या दिवशी आमची कामं करतो. काम इतकं नीटस की वायरच्या वळणावर फूटपट्टी ठेवून बघावं. त्याने नवीन डबा समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर लावायचं ठरवलं होतं. पॅनेलपासून वायरी छान गोल वळवून, पट्ट्या मारून. दिसायला देवघर.

मी म्हटलं, नाही. डबा पॅनेलच्या आत, मुख्य पट्टीला चिकटून. वायर हातभरसुद्धा नको.

"मॅडम, वायर जाड घेतलीय. लांबीने काय होतं?"

"झटका एवढ्या वेगाने येतो की वायरच त्याला अडवते. मीटरभर वायर वाढली की आत जाणारा दाब हजारभर व्होल्टने वाढतो. मग डब्यावर छापलेला आकडा काय कामाचा?"

"कारखान्यात आम्ही असंच लावतो."

"मग कारखान्यातही बदला."

त्याने पक्कड खाली ठेवली. एक मिनिट वाटलं हा चालला. मग म्हणाला, पॅनेलमध्ये जागा करायची तर अर्धा दिवस सगळ्या इमारतीचा पुरवठा बंद ठेवावा लागेल. ठेवला. कमलिनीबाईंना फोन लावून त्यांच्याशी त्याचं बोलणं करून दिलं, ते दोघं माझ्या डोक्यावरून तांत्रिक तमिळमध्ये बरंच बोलले. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "त्या म्हणतात वायर वळवायची पण नाही. सरळ." आणि कामाला लागला. अर्थिंगचा खड्डाही उघडला. कोरडा ठणठणीत. नवीन कांडी ठोकून, भरून, पाणी घालून ठेवला.

तेवढा वेळ मी कनकाच्या सिलिंडरजवळ बसले. तिची मुलं मेणबत्तीशिवाय, खिडकीच्या उजेडात गणितं करत होती. राजगोपालराव दर थोड्या वेळाने येऊन "काय हवें काय?" विचारून जात.

ते गेल्यावर कनका म्हणाली, "मीनाक्षी, तुला हुशार म्हणतात ना सगळे?"

"म्हणतात."

"ह्म्," म्हणाली आणि मुलांकडे वळली. तिला श्वास पुरत नाही, त्यामुळे पुष्कळदा वाक्य अर्धंच सोडते.

११ ऑक्टोबर

आयुधपूजा. कार्तिकेयने पॅनेलला चंदन लावलं, दारावर फुलांची माळ घातली. आतल्या डब्याला हात लावू दिला नाही मी. राजगोपालरावांकडे कोलू, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्या, मांडलाय, बायकोच्या मागे पहिल्यांदाच. बाहुल्या कशा मांडायच्या ते विचारायला मला तीनदा वर बोलावलं. माझ्याकडे कोलूची पद्धत नाही, मला त्यातलं काही कळत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी मला पायऱ्यांची मांडणी बरी जमली.

२० ऑक्टोबर

आज झालं ते.

रविवार. दुपारपासून पाऊस आणि वारा. सगळ्या घरांत क्रिकेट चालू. मी केस वाळवत बसले होते तर डोक्यावरचा दिवा एकदम पांढराफटक पेटला, असा उजेड मी त्याचा कधी पाहिला नाही. पंखा किंचाळला. आणि दुसऱ्याच क्षणी खालून ठप्प आवाज आणि सगळं बंद. अख्खी इमारत.

आधी कनका. धावतच उतरले. ती शांत होती, नळी सिलिंडरला लावत होती, मी फक्त वॉल्व्ह उघडला. "जा," म्हणाली, "तुझी जागा तिकडे."

पॅनेलपाशी पोचले तर पंधरा-वीस जण तिथे आधीच. खजिनदार पुढे. "मामी, बाहेर रस्त्यावर लाइट आहे! शेजारच्या इमारतीत लाइट आहे! तुमच्या कट-आउटनेच आपला घालवला." कुणी म्हणालं, ते बायपास करा. कुणी म्हणालं, शेवटची ओव्हर आहे. एका तरुण पोराने पॅनेलच्या मुठीकडे हात नेलाच होता.

मी मध्ये उभी राहिले. दोन्ही हात पसरून, ओल्या केसांनी. "न्यूट्रल तपासल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"कशावरून न्यूट्रल?"

कशावरून? एका दिव्याच्या उजेडावरून. माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. चूक निघाली असती तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण आवाज मात्र शाखेतला निघाला. "मी सेक्रेटरी आहे म्हणून. कार्तिकेयला बोलवा. तो येईपर्यंत ही मूठ वर जाणार नाही."

गलका वाढला. तेवढ्यात राजगोपालराव गर्दीतून आले आणि माझ्या शेजारी, पॅनेलला पाठ लावून उभे राहिले. खजिनदारांनी त्यांना विचारलं, "सार, तुम्हाला तरी कळतंय का काय झालंय?"

"काहींच कळत नाहीं," ते तमिळ सोडून चक्क मराठीत बोलले, मग लक्षात आल्यावर तमिळमध्ये म्हणाले, "मला काही कळत नाही. पण या म्हणतात ना? मग नाही." आणि जागचे हलले नाहीत. त्यांच्या धोतरातून पाणी ठिबकत होतं.

कार्तिकेय मागच्याच गल्लीत राहतो, भिजत आला. मीटर लावला. एका फेजवर एकशेतीस. दुसऱ्यावर दोनशे सत्तर. तिसऱ्यावर तीनशे साठ. त्याने मीटर वर धरून सगळ्यांना दाखवला. बाहेर फांदी पडून लाइनची न्यूट्रल तार सुटली होती. ती पोरं ज्याला बायपास करायला निघाली होती ते यंत्र आपलं काम करून बसलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या इमारतीतून आरडाओरडा झाला. त्यांचे दिवे चालू होते ते याचसाठी. त्यांच्याकडे तोडणारं काही नव्हतं. टीव्ही, फ्रिज, पंखे जात होते, आणि जिन्याखालच्या पॅनेलमधून धूर येत होता. कार्तिकेय आणि आमच्यातले चार जण धावले, मेन पाडलं, वाळूच्या बादल्या टाकल्या. पॅनेल अर्धं काळं झालं, माणसाला काही झालं नाही. धावलेल्यांत पहिले खजिनदार होते, हेही लिहिते.

लाइनमनने तार जोडायला संध्याकाळ झाली. मूठ मीच वर केली. आमच्या इमारतीत एक बल्बसुद्धा गेला नाही. सर्ज प्रोटेक्टरची खूण हिरवीच होती, कट-आउटने त्याला तापायला वेळच दिला नाही. कनकाचं मशीन घुरघुरत चालू झालं आणि तिने मला पाणी दिलं. मला, तिने.

२२ ऑक्टोबर

गिरिधर आला होता. मी शेजारच्या इमारतीबद्दल बोलणार होते, त्याला आधीच कळलं होतं. तिथे त्याचा डबा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा होता. पण तो काही सुटकेने बोलला नाही. चाचणीच्या दुसऱ्या दिवशीच त्याने आईच्या घरातला डबा काढला, आणि तेव्हापासून जिथे जिथे त्याने बसवले तिथे फोन करून स्वतः जाऊन काढतोय. कंपनीशी भांडण झालं, नोकरी सुटली. आता त्या दुसऱ्या कंपनीचं काम मिळेल का बघतोय. "मॅडम, पहिल्यांदा मी विकतो ती वस्तू मला समजतेय," म्हणाला. मी त्याला कमलिनीबाईंचा नंबर दिला. आधी सगळे आकडे पाठ कर म्हटलं, नुसता मोठा नव्हे.

२७ ऑक्टोबर

आसपासच्या तीन इमारतींचे सेक्रेटरी आज आमच्याकडे आले होते. कनकाच्या दारापुढेच बसलो. मी बोलले, कार्तिकेयने पॅनेल उघडून आखूड वायरी दाखवल्या, असं दाखवत होता की कल्पना त्याचीच. असू दे. काम त्याचंच आहे.

सगळे गेल्यावर राजगोपालराव खुर्च्या आवरत होते. म्हणाले, "बाई, आतां सगळें झालें. मीटिंगा सरल्या."

"हो, सुटलो एकदाचे."

"मग उद्यां काय समजावाल मज?"

एवढे दिवस ऐकून यांच्या मनात अजून शंका आहेत! विचारलं, नक्की काय कळलं नाही? बराच वेळ विचार केला त्यांनी. मग म्हणाले, "अर्थिंग."

कनका आतून हसली, खोकला येईपर्यंत हसली. कशाला ते मला कळलं नाही. अर्थिंग हा खरंच अवघड विषय आहे, माझाही पूर्ण झालेला नाही.

तेव्हा उद्यापासून रोज सकाळी कॉफीच्या वेळी, माझ्याकडे, अर्थिंग. अगदी पहिल्यापासून, घाई न करता. कॉफी ते आणतात ती जरा कडू असते, यापुढे मीच करीन म्हटलं. दोन डवरे घासून ओट्यावर पालथे घातलेत.